सगळ्यांनाच ‘राष्ट्रपिता’ लिहायचं का?

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा: वेगवेगळ्या देशांच्या संस्थापकांवरच्या एका इंग्रजी पुस्तकाचा तुम्ही मराठी अनुवाद करताय. त्यात अतातुर्क, कायदे आझम, बंगबंधू, म्वालिमू, मदिबा असे शब्द पानोपानी येतात. वाचकाचा गोंधळ नको म्हणून सगळीकडे ‘राष्ट्रपिता’ करून टाका, असं प्रकाशक म्हणतात. तुम्हाला ते पटत नाही, पण का पटत नाही हे त्यांना सांगता येत नाहीये. शिवाय दोन उपप्रश्न आहेत. गांधीजींना ‘राष्ट्रपिता’ ही पदवी सरकारने कधी दिली? आणि जीनांच्या नावामागे ‘कायदे आझम’ लावलं तर मराठी वाचक रागावतील का?

मी सव्वीस वर्षं अनुवाद आणि संपादन करते आहे. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं चरित्रं आणि इतिहासाच्या पुस्तकांत गेली. तुमचं मन योग्य तेच सांगतंय. बिरुदात ते लावणारा माणूस दडलेला असतो. कोणी हाक मारली, केव्हा मारली, कुठल्या नात्याने मारली, एवढं सगळं त्या एका शब्दात साठवलेलं असतं. सगळ्यांवर एकच शिक्का मारला की ते पुसलं जातं, आणि मग दहा देशांची दहा माणसं वाचकाला एकाच साच्यातली वाटू लागतात.

अर्थात काही गोष्टी तुमच्या पुस्तकावर अवलंबून आहेत. पुस्तक दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी असेल तर माझं उत्तर थोडं बदलेल. लेखकाच्या निवेदनात बिरुद आलंय की कोणाच्या तोंडच्या वाक्यात, यावरही बरंच ठरतं. हा फरक सगळ्यात महत्त्वाचा असल्यामुळे त्याच्यापासूनच सुरुवात करते.

डिसेंबर १९२०. नागपूरचं काँग्रेस अधिवेशन. असहकाराच्या ठरावाला विरोध करायला जीना उभे राहिले आणि भाषणात त्यांनी ‘मिस्टर गांधी’ म्हटलं. मंडपातून ओरडा सुरू झाला, ‘महात्मा’ म्हणा. आता सप्टेंबर १९४४ मध्ये या. मुंबईत मलबार हिलवर जीनांच्या बंगल्यात दोघांच्या वाटाघाटी चालू आहेत, ९ तारखेपासून २७ तारखेपर्यंत. भेटींच्या जोडीने पत्रंही जात-येत आहेत. गांधीजींच्या पत्रांचा मायना आहे ‘प्रिय कायदे आझम’ आणि जीनांच्या उत्तराचा मायना आहे ‘प्रिय मिस्टर गांधी’. त्याच वर्षी जुलैत गांधीजींनी जीनांना गुजरातीतून जे पत्र लिहिलं त्यात मात्र ‘भाई जीना’ होतं. दोघांची मातृभाषा गुजराती. ‘भाई’ ते ‘कायदे आझम’ हा दोन महिन्यांतला प्रवास आणि ‘मिस्टर’वर चोवीस वर्षं ठाम राहणारा दुसरा माणूस! त्या वाटाघाटींचं काय होणार हे मायन्यातच दिसतं. अनुवादकाने सद्भावनेने जीनांच्या तोंडी ‘महात्माजी’ घातलं, किंवा गांधीजींच्या पत्रातलं ‘कायदे आझम’ खटकतं म्हणून ‘जीनासाहेब’ केलं, तर इतिहासातला एक पुरावाच नाहीसा होतो. मी हे दोन्ही प्रकार छापलेल्या पुस्तकांत पाहिले आहेत.

म्हणून माझा पहिला आणि न मोडणारा नियम: कोणाच्याही तोंडच्या वाक्यातलं, पत्रातलं, भाषणातलं संबोधन जसं आहे तसं ठेवायचं. आपल्याला आवडो न आवडो.

आता गांधीजींचा उपप्रश्न. सरकारने ही पदवी कधीच दिलेली नाही. २०१२ साली माहितीच्या अधिकारात विचारलेल्या प्रश्नाला केंद्र सरकारने तसं स्पष्ट उत्तर दिलं, आणि देता येणारही नाही हेही सांगितलं. कारण राज्यघटनेच्या अनुच्छेद १८ प्रमाणे सेनेतली किंवा विद्याविषयक पदवी सोडून दुसरा कुठलाही किताब शासनाला देता येत नाही. अनेकांना हे ऐकून धक्का बसतो. मला यात कमीपणा दिसत नाही. उलट त्या शब्दाचा उगम पाहिला की त्याचं वजन वाढतं. ६ जुलै १९४४ रोजी सुभाषचंद्र बोस रंगूनहून रेडिओवर बोलले, थेट गांधीजींना उद्देशून, आणि शेवटी ‘आमच्या राष्ट्राचे पिता’ अशी हाक मारून त्यांनी हिंदुस्थानच्या मुक्तियुद्धासाठी आशीर्वाद मागितला. कस्तुरबा त्याच वर्षी फेब्रुवारीत पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये, कैदेतच गेल्या होत्या. गांधीजी मे महिन्यात सुटले होते. आणि बोलणारा कोण? पाच वर्षांपूर्वी ज्याला गांधीजींशी मतभेद होऊन काँग्रेसचं अध्यक्षपद सोडावं लागलं, जो आता हातात शस्त्र घेऊन लढत होता, तो. अहिंसेचा रस्ता न पटलेल्या माणसाने अहिंसेच्या माणसाला ‘पिता’ म्हटलं. ३० जानेवारी १९४८च्या रात्री नेहरूंनी देशाला बातमी सांगताना तोच शब्द वापरला आणि मग तो लोकांचाच झाला. हे कुठल्याही राजपत्रात मावणारं नाही.

जाता जाता एक सावधगिरी सांगते. १९३०च्या दशकातली मराठी वर्तमानपत्रं चाळलीत तर ‘राष्ट्रपती सुभाषचंद्र बोस’ असं दिसेल. तेव्हा काँग्रेसच्या अध्यक्षाला ‘राष्ट्रपती’ म्हणत. तो शब्द आजच्या अर्थाने घेऊ नका, आणि घाईत ‘राष्ट्रपिता’ही वाचू नका. ही चूक माझ्या समोरच्या मुद्रितांत दोनदा सापडली आहे.

आपल्या भाषेत या गोष्टींसाठी वेगवेगळे शब्द आहेत आणि ते नीट वापरले की निम्मं काम होतं. ‘किताब’ सरकार देतं. रावबहादूर, सर, खानबहादूर हे किताब. ‘पदवी’ संस्थेकडून, सभेकडून समारंभाने मिळते. ‘बिरुद’ लोकांच्या तोंडी रुळतं. आणि ‘पद’ म्हणजे अधिकार. ११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यातल्या सभेत जोतीराव फुल्यांना ‘महात्मा’ ही पदवी दिली गेली. ती देणारे विठ्ठलराव वंडेकर स्वतः रावबहादूर होते. सरकारी किताब असलेला माणूस एका माणसाला लोकांचं बिरुद देतोय, हे दृश्य मला फार मोलाचं वाटतं. आज ‘रावबहादूर’ शब्द समजावून सांगावा लागतो, आणि ‘महात्मा’ फुल्यांच्या नावाचा भागच झाला आहे.

‘छत्रपती’ यातलं काहीच नाही. ते राजपद आहे. ६ जून १६७४ रोजी रायगडावर अभिषेक करवून, स्वतःचा शक सुरू करून महाराजांनी ते धारण केलं. कोणी बहाल केलं नाही, आणि नेमका तोच त्याचा अर्थ होता, की आता वर दुसरा कोणी धनी नाही. म्हणून निवेदनात आज आपण आदराने छत्रपती लिहितो ते योग्यच. पण १६५९ सालच्या प्रतापगडाच्या प्रसंगात एखाद्या मावळ्याच्या तोंडी ‘छत्रपती’ आलं तर तो कालविपर्यास होतो. त्याच्या तोंडी ‘राजे’ किंवा ‘महाराज’ शोभतं. हे उदाहरण मुद्दाम सांगितलं, कारण तुमच्या पुस्तकातला तुर्कस्तानचा धडा अगदी याच खड्ड्यात पडायच्या बेतात आहे.

अतातुर्क. तुम्ही पाठवलेल्या उताऱ्यात १९१५च्या गॅलिपोलीच्या लढाईत ‘राष्ट्रपिता अतातुर्क यांनी तुकडीला हुकूम दिला’ असं वाक्य आहे. १९१५ साली तो माणूस अतातुर्क नव्हता. पाशासुद्धा नव्हता. त्याचं मूळ नाव मुस्तफा. ‘केमाल’ हे नाव गणिताच्या शिक्षकाने दिलं असं सांगतात. गॅलिपोलीला तो मुस्तफा केमाल बे होता. १९१६त सेनापतीचा दर्जा मिळाला तेव्हा तो पाशा झाला. ग्रीकांविरुद्धची साकार्याची लढाई जिंकल्यावर १९ सप्टेंबर १९२१ रोजी अंकाराच्या राष्ट्रसभेने त्याला ‘गाझी’, म्हणजे विजयी योद्धा, म्हटलं. आपल्याकडे खिलाफतीच्या दिवसांत मराठी वर्तमानपत्रांतून जो ‘केमालपाशा’ घराघरांत पोहोचला तो या काळातला.

मग १९३४ साली तुर्कस्तानात प्रत्येकाने आडनाव घ्यायचा कायदा झाला. तोपर्यंत बहुतेकांना आपल्या अर्थाने आडनावच नव्हतं. २४ नोव्हेंबर १९३४ रोजी राष्ट्रसभेने स्वतंत्र कायदा करून मुस्तफा केमालला ‘अतातुर्क’, म्हणजे तुर्कांचा पिता, हे आडनाव दिलं, आणि पुढच्याच महिन्यात दुसऱ्या कोणालाही ते घेता येणार नाही अशी तरतूद केली. सख्ख्या बहिणीलाही ते मिळालं नाही. मकबुले हानिम ‘अतादान’ झाल्या. त्याला पोटचं मूल नव्हतं. म्हणजे हे जगातलं बहुधा एकमेव आडनाव, जे एकाच माणसासाठी जन्मलं आणि त्याच्याबरोबर थांबलं. आणि ते मिळाल्यावर दोनच दिवसांनी, २६ नोव्हेंबरला, पाशा, बे, एफेंदी असे सगळे जुने मानाचे शब्द कायद्याने रद्द झाले. लोकांना बरोबरीचं करण्यासाठी मानाचे शब्द काढून घेतले, आणि त्याच आठवड्यात एकाला असं नाव दिलं की त्याच्या बरोबरीला कोणी येऊ नये. हा ताण तुमच्या वाचकापर्यंत पोहोचायला हवा. ‘राष्ट्रपिता’ लिहून तो पोहोचणार नाही.

म्हणून तिथे असं करा: १९१५ला ‘मुस्तफा केमाल’, १९२०च्या दशकात ‘केमालपाशा’ किंवा नुसतं ‘केमाल’, १९३४ नंतर ‘अतातुर्क’. वाचकाचा गोंधळ होईल ही भीती असेल तर धड्याच्या सुरुवातीलाच एक परिच्छेद घाला की या माणसाची नावं कशी बदलत गेली. मराठी वाचकाला याची सवय आहे. नरेंद्र ते विवेकानंद हे तो सहज समजून घेतो.

आता शब्दांचे सापळे. ‘कायदे आझम’ वाचून किती मराठी वाचकांना त्यात ‘कायदा’ दिसतो हे मी वर्षानुवर्षं पाहते आहे. एका हस्तलिखितात तर ‘कायद्याचे श्रेष्ठ जाणकार’ असा अर्थ दिला होता, आणि जीना नामांकित बॅरिस्टर असल्यामुळे तो कोणाला खटकलाही नाही. इथे शब्द ‘क़ायद’ म्हणजे नेता, पुढे चालणारा. ‘आझम’ म्हणजे सर्वात मोठा. अरबीतल्या दोन वेगळ्या धातूंपासून आलेले हे शब्द आहेत, कायद्याशी त्यांचं नातं नाही. तेव्हा पहिल्यांदा येईल तिथे ‘कायदे आझम, म्हणजे सर्वश्रेष्ठ नेता’ एवढं लिहा. त्यात पिता कुठेच नाही, हे प्रकाशकांना दाखवा. उर्दूत त्यासाठी ‘बाबा-ए-क़ौम’ हा वेगळा शब्द आहे आणि तोही जीनांसाठी वापरतात. दोन बिरुदं, दोन अर्थ.

वाचक रागावतील का? लेखकाच्या निवेदनात सतत ‘कायदे आझम जीना’ लिहिलंत तर रागावतील आणि त्यांचा राग गैर म्हणता येणार नाही, कारण तुम्ही पाकिस्तानच्या नागरिकाचा आवाज उसना घेतल्यासारखं होईल. १२ ऑगस्ट १९४७ रोजी पाकिस्तानच्या घटनासभेने ठराव करून हे बिरुद अधिकृत केलं, हे सांगा. मुस्लिम लीगच्या सभेत घोषणा चालू असेल तर ती तशीच द्या. आणि निवेदनात ‘जीना’ लिहा. नुसतं जीना लिहिणं म्हणजे अनादर, असं तुम्ही पत्रात म्हटलंय, ते मात्र मला मान्य नाही, आणि त्याचं कारण आपल्या भाषेत आहे. त्याकडे येतेच.

त्याआधी बांगलादेश, कारण तिथला सापळा जास्त वाईट. शेख मुजीबुर रहमान यांना २३ फेब्रुवारी १९६९ रोजी ढाक्याच्या रेसकोर्स मैदानावर ‘बंगबंधू’ हे बिरुद मिळालं. आगरतळा खटल्यातून, म्हणजे पाकिस्तानविरुद्धच्या कटाच्या आरोपातून, ते आदल्याच दिवशी सुटले होते. विद्यार्थी नेते तोफैल अहमद यांनी लाखोंच्या सभेत ते जाहीर केलं. बंधू हा शब्द आपल्याला भावासारखा ऐकू येतो, पण बंगालीत ‘बंधू’ म्हणजे मित्र. बंगालचा सखा. ‘जातिर जनक’, ‘जातिर पिता’ हे त्यानंतर, १९७१च्या मार्चमध्ये आलं. आणि इथे ‘जाति’ म्हणजे राष्ट्र! पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका बंगाली लेखाच्या अनुवादात माझ्या हातून हा शब्द निसटला आणि ‘जातीचे जनक’ असं छापून आलं. मराठी वाचकाच्या मनात ‘जात’ या शब्दाने काय उभं राहतं ते सांगायला नको. एका वाचकाने पत्र लिहून विचारलं, की हे गृहस्थ कुठल्या जातीचे पुढारी होते? त्या दिवसापासून शेजारच्या भाषेतला ओळखीचा दिसणारा शब्द मी कोश उघडल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. उर्दूतल्या ‘क़ौम’चंही तेच. आपण ‘कौमी’ हा शब्द दंग्याच्या बातमीत वाचलेला असतो.

नात्याचे शब्द हा माझा आवडता भाग आहे, आणि इंग्रजीतून अनुवाद करताना सर्वात जास्त नुकसान इथेच होतं. व्हिएतनामचे हो ची मिन्ह यांना लोक ‘बाक हो’ म्हणतात. इंग्रजीत त्याचं ‘अंकल’ होतं, आणि अंकल म्हटलं की आपल्याला सोसायटीतले कोणीतरी काका आठवतात. ‘बाक’ म्हणजे वडिलांचा थोरला भाऊ. आपल्या एकत्र कुटुंबात ज्यांच्यासमोर वडीलही आवाज चढवत नाहीत, ते मोठे काका. मराठीला हे नातं नेमकं माहीत आहे. इंग्रजीचा वळसा घ्यायची गरजच नाही. इंडोनेशियाच्या सुकार्णोंना ‘बुंग कार्नो’ म्हणत. ‘बुंग’ म्हणजे भाऊ, लढ्यातला साथी. त्यांचे जोडीदार हत्ता, तेही ‘बुंग हत्ता’. दोघांनी मिळून १७ ऑगस्ट १९४५ला स्वातंत्र्य जाहीर केलं, म्हणून दोघांना मिळून ‘प्रोक्लामातोर’ म्हणतात, उद्घोषक. सुकार्णो या नावात आपला महाभारतातला कर्ण आहे, हे तुमच्या पुस्तकात नसेल तर टीप देऊन घाला, मराठी वाचक तिथे थांबून हसेल.

टांझानियाचे ज्यूलियस न्येरेरे हे खरोखर शिक्षक होते. ‘म्वालिमू’ म्हणजे शिक्षक. अरबीतल्या मुअल्लिमपासून स्वाहिलीत आलेला शब्द. इथे मी अजिबात न अडखळता ‘गुरुजी’ लिहीन. ‘सर’ नाही, ‘शिक्षक’ नाही. आपल्याकडे सानेगुरुजींपासून ‘गुरुजी’ या शब्दाला शाळेबाहेरचं जे मोठेपण आलं आहे, बरोबर तेच म्वालिमूत आहे. त्यांना ‘बाबा वा ताइफा’ म्हणजे राष्ट्रपिताही म्हणतात, पण गावातला माणूस आठवण सांगताना म्वालिमूच म्हणतो. केनियात जोमो केन्याटांच्या मागे ‘म्झे’ लागतं. तो कोणत्याही वडीलधाऱ्या माणसासाठीचा शब्द आहे, रस्त्यावरच्या म्हाताऱ्यालाही म्झे म्हणतात. त्याला ‘राष्ट्रपिता’ करणं म्हणजे आपल्या ‘आबा’ला राष्ट्रपिता करण्यासारखं. मॉरिशसला शिवसागर रामगुलाम ‘चाचा’ होते. तिथल्या मराठी कुटुंबांच्या तोंडीही तेच. आणि नेल्सन मंडेलांचं ‘मदिबा’ हे बिरुदच नाही, ते त्यांच्या कुळाचं नाव आहे, एका पूर्वजावरून आलेलं. कुळाच्या नावाने हाक मारणं हा त्यांच्या समाजात आदर आणि जिव्हाळा दोन्ही. त्याचा अनुवाद करू नका, कुळनाव आहे एवढं एकदा सांगा.

पाहा, भाऊ, मित्र, मोठे काका, गुरुजी, चाचा, थोर नेता. पिता यांत किती कमी आहे! ज्या ठिकाणी ‘राष्ट्रपिता’ तंतोतंत बसतं ते म्हणजे चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सन यत-सेन. चिनी ‘ग्वोफू’ या शब्दाचे दोन तुकडे म्हणजे राष्ट्र आणि पिता, आणि १९४०त तिथल्या राष्ट्रवादी सरकारने तसा आदेशच काढला. पण ते सरकार पुढे तैवानला गेलं, म्हणून तोही शब्द आता तैवानचा. चीनच्या मुख्य भूमीवर त्याच माणसाला ‘क्रांतीचे अग्रदूत’ म्हणतात. अग्रदूत, म्हणजे खरे कर्ते नंतर आले. एकच माणूस, मधे सामुद्रधुनी, आणि दोन बिरुदांत सगळं राजकारण. तुमच्या धड्यात निवेदक कुठल्या काठावर उभा आहे ते आधी ठरवा.

आता आदराचा मुद्दा. इंग्रजीत नुसतं आडनाव आलं की वाक्यात आदर आहे की नाही ते कळत नाही, म्हणून तिथे बिरुदाचा टेकू लागतो. मराठीत आदर क्रियापदात असतो. ‘जीना म्हणाले’ यात इतिहासाच्या पुस्तकाला लागेल तेवढा आदर आला. ‘न्येरेरेंनी राजीनामा दिला’, ‘मुजीब तुरुंगातून परतले’, झालं. उलट दर ओळीत बिरुद आलं की वाक्य सरकारी निमंत्रणपत्रिकेसारखं वाजू लागतं. आणि आपल्याकडे अतिशय जवळच्याला एकवचनच असतं: आई आली, विठोबा उभा राहिला, शिवबा घोड्यावर बसला. व्हिएतनामच्या लहान मुलीच्या आठवणीत ‘हो काका आले’ लिहा, पण तुर्की शेतकऱ्याच्या ओवीत केमालला एकेरी येऊ द्या, बिचकू नका. वर अतातुर्कांचं बालपण सांगताना मीही एकेरीच लिहिलं, आणि पुढे ओघात तसंच ठेवलं. छापायच्या मजकुरात मात्र तरुण अधिकारी झाल्यावर ‘ते’ करेन.

या एकवचन-अनेकवचनाचं सर्वात अवघड उदाहरण माझ्याकडे आलं ते अफगाणिस्तानवरच्या एका पुस्तकात. अफगाण लोक ज्यांना आपल्या देशाचे संस्थापक मानतात, १७४७ साली कंदाहारला ज्यांची राजा म्हणून निवड झाली, ज्यांना ते प्रेमाने ‘अहमदशाह बाबा’ म्हणतात, ते म्हणजे आपला अहमदशाह अब्दाली. १४ जानेवारी १७६१, पानिपत. मराठीत अब्दाली अडीचशे वर्षं एकेरी आहे. अब्दाली आला, अब्दालीने कोंडी केली, अब्दाली परत गेला. पुस्तकातली अफगाण आजी नातवाला बाबांची गोष्ट सांगते तिथे माझा हात खरंच अडला. ज्या घरात ‘पानिपत झालं’ हा वाक्प्रचार रोजच्या बोलण्यात आहे त्या घरात मी वाढले. दोन दिवस ते पान तसंच ठेवलं. शेवटी आजीच्या तोंडी ‘अहमदशाह बाबा आले’ असंच लिहिलं, आणि लेखकाच्या निवेदनात ‘अहमदशाह दुराणी’ ठेवून पहिल्या उल्लेखाला टीप दिली, की मराठी इतिहासात अब्दाली म्हणून ओळखला जाणारा तो हाच. राज्यावर आल्यावर त्याने ‘दुर्र-ए-दुर्रान’, मोत्यांतला मोती, हा किताब घेतला आणि त्यावरून अब्दाली टोळीचंच नाव दुराणी झालं, हेही टीपेत आलं. आजीच्या तोंडचा आदर मी कापला असता तर तो माझा राग झाला असता, तिची गोष्ट राहिली नसती. त्याच देशात २००४च्या राज्यघटनेने माजी राजे झाहीरशाह यांचं ‘राष्ट्रपिता’ हे बिरुद मान्य केलं, पण त्यांच्या हयातीपुरतंच. ते २००७ साली गेले. बिरुदाला मुदत घालून दिलेली मी तरी दुसरीकडे पाहिली नाही.

एक शेवटचा भाग, आणि तो तुमच्या पुस्तकासाठी तातडीचा आहे. बिरुदं दिली जातात तशी काढूनही घेतली जातात. घानाचे क्वामे न्क्रुमा ‘ओसाजेफो’ होते, युद्ध जिंकून देणारा, तारणहार. २४ फेब्रुवारी १९६६ला ते परदेशात असताना सत्ता उलथली आणि अक्रातला त्यांचा पुतळा पाडला गेला. पुढे त्यांचा मान परत आला. २००९ साली त्यांचा जन्मदिवस, २१ सप्टेंबर, ‘संस्थापक दिन’ म्हणून पाळायचं ठरलं. मग २०१९त सरकार म्हणालं, संस्थापक एक नव्हता, अनेक होते, आणि दिवस ४ ऑगस्ट केला. इंग्रजीत या सगळ्या वादाचा भार एका अपॉस्ट्रॉफीवर आहे, ते ‘एस’च्या आधी की नंतर. २०२५त पुन्हा २१ सप्टेंबर झाला. मराठीत ‘संस्थापक दिन’ म्हटलं की एक की अनेक ते कळतच नाही, म्हणून तिथे ‘संस्थापकाचा दिन’ आणि ‘संस्थापकांचा दिन’ असं उघड लिहा, नाहीतर वाचकाला भांडण कशावरून होतं ते समजणार नाही.

बांगलादेशचा धडा तर छपाईच्या आधी पुन्हा वाचाच. २०११च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने मुजीब यांचं ‘राष्ट्रपिता’ हे स्थान घटनेत आणलं आणि त्यांचं चित्र सरकारी कचेऱ्यांत लावणं बंधनकारक केलं. ऑगस्ट २०२४च्या उठावात मुजीब यांच्या कन्या, पंतप्रधान शेख हसीना देश सोडून गेल्या, मुजीब यांचे पुतळे पाडले गेले, आणि जून २०२५मध्ये आलेल्या नव्या नोटांवर त्यांचं चित्र नाही. तुमचं मूळ इंग्रजी पुस्तक २०१८चं आहे, त्यात हे सगळं वर्तमानकाळात आहे. ‘बांगलादेशात त्यांना राष्ट्रपिता मानतात’ या वाक्याखाली अनुवादकाची टीप हवी, तारखेसकट. ‘बंगबंधू’ला मात्र हात लावू नका, १९६९ला त्या मैदानावर जे झालं ते झालंच होतं.

प्रकाशकांशी बोलताना माझी पद्धत सांगते. बिरुद पहिल्यांदा येईल तिथे मूळ शब्द आणि त्याच वाक्यात साधा मराठी अर्थ. त्यानंतर निवेदनात आडनाव आणि आदरार्थी क्रियापद. संवादात, पत्रांत, घोषणांत मूळ संबोधन कायम. मुलांचं पुस्तक असेल तर नात्याचे शब्द बिनधास्त मराठी करा, गुरुजी, मोठे काका; पण कायद्याने दिलेली नावं आणि कुळनावं तशीच. आणि ‘राष्ट्रपिता’ फक्त तिथे, जिथे मूळ भाषेत राष्ट्र आणि पिता हे दोन्ही शब्द आहेत. एक धडा असा करून त्यांना वाचायला द्या. आमच्याकडे चर्चेपेक्षा एका नमुना-धड्याने जास्त वेळा काम झालं आहे.

सूचीचं आत्ताच ठरवून टाका, नंतर फार त्रास होतो. मुख्य नोंद आडनावाखाली: अतातुर्क ‘अ’मध्ये, मंडेला ‘म’मध्ये, न्येरेरे ‘न’मध्ये. सुकार्णोंना एकच नाव आहे, ते ‘स’मध्ये. आणि केमालपाशा, म्वालिमू, मदिबा, बंगबंधू, बाक हो, अब्दाली यांच्या स्वतंत्र ओळी करून पुढे ‘पाहा’ लिहून मुख्य नोंदीकडे बोट दाखवा. गॅलिपोलीचं ते पान दुरुस्त झालं की मला पाठवा, मी वाचेन.